हाताले न लागलेलं भाडं

मले कापडातलं विचारा. एका ताग्यात किती शर्ट-पॅन्ट बसतीन, कोणतं कापड पहिल्याच धुण्यात आटन, हे मी नुसता हात लावून सांगते. पण इन्कम टॅक्सचं नाव काढलं की माझ्या डोक्याचं दही होते. मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरी या टॅक्सपायी जो तमाशा झाला, तो तुमाले सांगते. मधात कुठं माझाच गोंधळ झाला तर हसू नका, कारण तवाही कोणाले धड काही समजत नव्हतं.

मनीषनगरात आमची छोटी बिल्डिंग हाय. खाली दोन गाळे, वर एक हॉल. आम्ही राहतो मागच्या गल्लीत. एका गाळ्यात माझं शिवणकाम: चार मशिनी, कडा शिवायची एक ओव्हरलॉक अन् तीन बाया. बुटीबोरीच्या कारखान्यायचे युनिफॉर्म शिवतो आम्ही. बाजूच्या गाळ्यात गिरिधरचं टाइल्सचं दुकान, ते भाड्यानं. अन् वरच्या हॉलात अभ्यासिका. पोलीस भरती, बँक, एमपीएससी, ज्याले जो अभ्यास करायचा तो करा, फी नाही. अभ्यासिकेचा ट्रस्ट हाय अन् ट्रस्टचे अध्यक्ष माझे सासरे. त्यायचं नावच दादाजी. मी त्यायले मामाजी म्हणते.

जागा मामाजीच्या बाबानं घेतली होती, तवा इकडं नुसती शेतं होती. ते गिरणीत होते, सही येत नव्हती, अंगठा लावत. मरायच्या आधी मृत्युपत्र करून गेले की जागा दादाजीच्या साऱ्या कुटुंबासाठी. अन् तोंडी सांगून गेले की जागेचं जे काही येईन त्यातून पोरं शिकली पाहिजे. मामाजीनं ते तोंडी सांगणं कागदापेक्षा पक्कं धरलं. गिरिधरले त्यायनं पहिल्याच दिवशी बजावलं, "मले भाडं आणून द्याचं नाही. अभ्यासिकेचं लाइट बिल भर, कूलर सुधरव, पेपरवाल्याले दे, झाडणाऱ्या बाईचा पगार कर. मी त्या पैशाले हात लावणार नाही." इतके वर्षं तसंच चाललं. मामाजीचं एकच म्हणणं होतं, जे हाताले लागलं नाही ते माझं नाही.

अन् माझ्या गाळ्याचं भाडं? ते कोणी मागितलंच नाही. सुनेले कोण भाडं मागते?

तर मे महिन्यात, भर उन्हाच्या तडाख्यात, मामाजीच्या मोबाइलवर इन्कम टॅक्सचा मेसेज आला. माझा नवरा धम्मानंद कोराडीच्या पॉवर स्टेशनात शिफ्टमधी असते. त्यानं घरी येऊन तो मेसेज दोनदा वाचला अन् म्हणे, "बाबा, तुमी भाड्याचं उत्पन्न दाखवलं नाही असं म्हणून राहिले ते. टॅक्स भरा लागन."

"भाडं? मले कुठं भेटते भाडं?"

"गिरिधरचा हिशोब पाहणाऱ्या माणसानं ते भाडं तुमच्या पॅननंबरावर टाकलं. त्यानं बरोबरच केलं. जागा तुमच्या नावावर हाय."

मामाजी खुर्चीत बसले. तेही कोराडीतूनच रिटायर झालेले; नोकरीत दहा मिनिटं उशीर झाला तर स्वतःच अर्धी रजा मांडणारा तो माणूस. माझ्याकडं पाहून म्हणे, "मी चोर हाय का वं, नंदिनी?"

मले इतका राग आला! कोणावर आला ते मले सांगता येत नाही. मोबाइलवर, गिरिधरवर, सरकारवर, अन् "पाहू, पाहू" करणाऱ्या नवऱ्यावर तर आलाच. आमच्या धम्मानंदच्या डोक्यावर छत पडलं तरी तो खालून "पाहू" म्हणन.

दुसऱ्या दिवशी मी साऱ्या घराचे कागद एका कापडाच्या पिशवीत कोंबले अन् आम्ही तिघं सुमंतभाऊकडं गेलो. सुमंतभाऊ आमचे सीए. माणूस सज्जन, ऑफिस थंडगार, पण बोलायले लागले की सारं माझ्या डोक्यावरून जाते. त्यायनं पिशवी टेबलावर उलटी केली अन् कागदायचे तीन ढीग लावले.

"हे बघा. हा काकांचा वैयक्तिक ढीग, हा नंदिनीताईंच्या धंद्याचा, आणि हा ट्रस्टचा. तीन वेगळी माणसं समजा. तिघांचे नियम वेगळे. तुम्ही सगळ्यांना एका पिशवीत घातलंय."

"एकाच घरातलं हाय ना," मी म्हटलं.

"तेच तर. टॅक्सला घर दिसत नाही, फाइल दिसते."

माझा ढीग आधी उरकला. सुमंतभाऊ म्हणे, तुमचा धंदा लहान, तुमाले सगळा हिशोब ठेवायची गरज नाही, बँकेतून आलेल्या विक्रीच्या सहा टक्के नफा मानायचा अन् त्यावर टॅक्स.

"मानायचा? नफा काय देव हाय मानायले? मागच्या साली झालाच नाही मले!"

"तरी मानायचा."

"अन् जास्त झाला तर?"

"मग जास्त दाखवायचा."

बाप्पा! म्हणजे तोटा झाला तर मानायचा नाही अन् फायदा झाला तर लपवायचा नाही.

मंग मामाजीचा ढीग. मामाजीनं आपलं म्हणणं सांगतलं: पैसा माझ्याकडं आलाच नाही, गिरिधरकडून सरळ अभ्यासिकेत गेला, तर टॅक्स काहाचा? सुमंतभाऊनं चष्मा काढून पुसला.

"काका, जागा तुमची, म्हणून भाडं आधी तुमचं. ते तुमचं झालं, आणि मग तुम्ही ते अभ्यासिकेला दिलं. हाताला लागलं की नाही हा प्रश्नच नाही. तुमच्या सांगण्यावरून गेलं ना? मग ते तुमच्यातूनच गेलं."

"मंग ते दान झालं. दानावर सूट राहते म्हणते."

"जुन्या पद्धतीत राहते. नव्या पद्धतीत नाही. आणि जुन्या पद्धतीतही ट्रस्टकडे त्याचं प्रमाणपत्र लागतं, ते ट्रस्टनं कधी घेतलंच नाही."

"काहून नाही घेतलं?" मी विचारलं.

सुमंतभाऊनं मामाजीकडं पाहिलं. मामाजी म्हणे, "देणाऱ्याले सूट द्यायसाठी आम्ही अभ्यासिका काढली नव्हती."

सुमंतभाऊनं चहा सांगतला. चहा येईपर्यंत त्यायले काहीतरी सुचलं, कारण ते एकदम खुर्ची पुढं ओढून बसले. मृत्युपत्र उचललं अन् बोटानं एक ओळ दाखवली.

"इथं 'साऱ्या कुटुंबासाठी' लिहिलंय. मी वकिलाला विचारून घेतो, पण जमेल. ही जागा काकांची एकट्याची नाही, कुटुंबाची म्हणून दाखवायची. कुटुंबाचा वेगळा पॅन, वेगळी फाइल. भाडं तिकडे जाईल, पेन्शनमध्ये मिसळणार नाही. टॅक्स फारसा लागणार नाही. आणि ताईंचा गाळाही घरातच राहील."

सकाळपासून मले पहिल्यांदा काहीतरी समजलं होतं. "मंग करून टाका ना!" मी म्हटलं.

"काय म्हणते याले?" मामाजीनं विचारलं.

"एचयूएफ."

"मतलब?"

सुमंतभाऊनं एसीचा रिमोट उगाच इकडचा तिकडं ठेवला. "हिंदू अविभक्त कुटुंब."

धम्मानंदनं बशीत सांडलेला चहा परत कपात टाकला.

"आम्ही बौद्ध आहो, सुमंत," मामाजी शांतपणे म्हणाले.

"माहीत आहे काका. नाव तेवढं तसं आहे. कायद्याच्या नजरेत बौद्ध, जैन, शीख, सगळे यातच येतात. फक्त टॅक्सपुरतं."

"मंग कायद्याच्या डोळ्यात मोतिबिंदू झाला हाय."

मामाजी उठले. दारापाशी जाऊन थांबले. "मी नऊ वर्षाचा होतो. छप्पन साली बाबाचा हात धरून त्या मैदानात उभा होतो. त्यायले वाचता येत नव्हतं, पण एकेक शपथ त्यायनं मोठ्यानं म्हटली. आपल्या बाबाचा आवाज इतका मोठा हाय हे मले त्या दिवशी समजलं. नाही तर ते मालकापुढं हळूच बोलत." एवढं बोलून दुपट्टा न बांधता तसेच उन्हात चालायले लागले. धम्मानंद गाडी घेऊन त्यायच्या मागं मागं गेला, पण ते गाडीवर बसले नाहीत.

मी खोटं नाही सांगत, माझ्या मनाचं काही ठिकाणावर नव्हतं. मीही बौद्धाच्याच घरची लेक. मले एकदा वाटलं, नाव तर नाव, कोण वाचून राहिलं ते? मंग माझीच मले लाज वाटली. मंग पुन्हा माझ्या मशिनी डोळ्यापुढं आल्या. टॅक्सपुरतं हिंदू म्हणजे काय होते बा? रिटर्न भरेपर्यंत अन् मंग परत बौद्ध? मले कोणी समजावून सांगा.

तिसऱ्या दिवशी मामाजीनं आपला निकाल ऐकवला. मी भाकरी टाकून राहिली होती. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"मागचा सारा टॅक्स मी माझ्या पेन्शनीतून भरतो, दंडासकट. कायदा म्हणते भाडं माझं होतं, तर होतं. अन् आता बिल्डिंग ट्रस्टले देऊन टाकतो. बाबाची इच्छा तीच होती. ट्रस्टचं भाडं ट्रस्टच्या कामात लागलं तर टॅक्स नाही, मी सुमंतले फोनवर विचारलं."

"पूरी बिल्डिंग?"

"पूरी."

"अन् माझा गाळा?"

"तू बस ना तिथंच. तुले कोण उठवते?"

मले धीर आला, पण तो फोन करेपर्यंतच टिकला. मी सुमंतभाऊले विचारलं. ते म्हणे, "ताई, बसता येईल. पण काका ट्रस्टचे अध्यक्ष, तुम्ही त्यांच्या सूनबाई. ट्रस्टच्या जागेत अध्यक्षाच्या घरचं माणूस फुकट किंवा स्वस्तात बसलं, तर ट्रस्टची टॅक्सची सूट धोक्यात येते. तुम्हाला बाजारभावानं पूर्ण भाडं द्यावं लागेल."

"म्हणजे गिरिधरले कमी केलं तर चालन, मले नाही?"

"गिरिधर परका आहे."

"वा रे तुमचा कायदा! परक्याले पायघड्या अन् घरच्याले धक्के!"

फोन ठेवला अन् मी रडली. खरंच रडली. मनीषनगरात आता गाळ्यायचे भाव काय झाले ते तुमाले माहीत नसन. कारखान्यावाला दर साली शिलाईचा रेट पाडून मागते, तीन बायायचे पगार, धागा, लाइट. त्यात पूर्ण भाडं कुठून घालू? एक बाई कमी करा लागली असती, नाही तर दुकानच घरात आणा लागलं असतं. अन् घरात ओव्हरलॉक कुठं ठेवू, बेसिनवर?

धम्मानंद घरी आल्याबरोबर मी त्याले धरलं. "तुमचे बाबा मले रस्त्यावर आणून राहिले. एका शब्दापायी! दोन मिनिटाची सही, अन् साऱ्यायचं भलं!"

"पाहू," धम्मानंद म्हणे.

"पाहू काय पाहू? जन्मभर पाहूनच राहिले तुमी!"

बाहेरच्या खोलीत मामाजी पेपर वाचत होते. त्यायनं पान उलटवल्याचा आवाज आला नाही. म्हणजे ऐकलं होतं. मले वाईट वाटलं, पण मी थांबली नाही. राग आला की माझी जीभ कैचीवानी चालते अन् मंग शिवता शिवत नाही. त्या आठवड्यात मामाजीचं ताट मी धम्मानंदच्या हातानं पाठवलं. तेही मुकाट्यानं जेवत, ताट धुऊन ठेवत अन् अभ्यासिकेत निघून जात.

मंग सुमंतभाऊनं कागदावर सह्या करायले बोलावलं. बिल्डिंग ट्रस्टले द्यायची तर मृत्युपत्रामुळं घरातल्या साऱ्यायची संमती लागत होती, माझीही. मी ठरवून गेली होती की सही करत नाही. जो होईन तो तमाशा होऊ दे.

मामाजी आमच्याआधीच येऊन बसले होते. इस्तरीचा पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. मी खुर्ची ओढून बसते न बसते, तर ते सुमंतभाऊले म्हणतात, "तो दुसरा कागद काढ."

"कोणता काका?"

"तो कुटुंबाचा. एचयूएफचा. मी सही करतो."

मले वाटलं मी बरोबर ऐकलं नाही. धम्मानंदनंही पहिल्यांदा "पाहू" म्हटलं नाही.

"नंदिनीच्या मशिनी हलल्या नाही पाहिजे," मामाजी माझ्याकडं न पाहता म्हणाले. "तीन बायायचं पोट हाय त्याच्यावर. मी विचार केला. बाबा असते तर त्यायनं आधी बायायचं पाहिलं असतं. फक्त एक सांग सुमंत, तो शब्द मले माझ्या हातानं लिहा लागते का?"

"नाही काका. छापलेला आहे. खाली फक्त सही."

"बरं."

सुमंतभाऊनं कागद सरकवला. मामाजीनं खिशातून आपला पेन काढला. त्यायची सही म्हणजे इंग्रजीतला झपाटा नाही, मराठीत पूर्ण नाव, एकेक अक्षर जागेवर. बाप अंगठा लावत होता म्हणून पोराले त्यानं सही अशी शिकायले लावली होती की वाचणाऱ्याले नाव वाचता आलं पाहिजे. त्यायनं 'दा' लिहिला. मंग पेन तसाच टेकवून थांबले. शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. मी त्यायच्या चेहऱ्याकडं पाहिलं. त्यायनं डोळे मिटले होते अन् ओठ हलत होते. काय म्हणून राहिले होते ते मले समजलं. त्या मैदानातल्याच शपथा होत्या. ते माफी मागून राहिले होते, अन् तीही माझ्यासाठी.

मी कागद ओढला. पेनची रेघ पार टेबलावर गेली.

"काय करतं वं?" मामाजी दचकले.

"तुमी यावर सही करान अन् मी खाली बसून काजं करीन का? जमन का मले? सुई चालन का माझी?" माझा आवाज इतका चढला की बाहेरचा माणूस दार उघडून पाहून गेला. "मी देते भाडं! बाजारभावानं देते! दुपारी शाळेचे ड्रेस घेईन, ब्लाऊज घेईन, लोकायच्या साड्यायले फॉल लावीन, पण देते. द्या तो ट्रस्टचा कागद इकडं!"

"ताई, विचार करा," सुमंतभाऊ म्हणे.

"विचार केला की डोकं दुखते माझं. पेन द्या."

मी सही केली. मंग धम्मानंदनं केली. मंग मामाजीनं, पूर्ण नाव, न थांबता. त्यायनं सही केल्यावर चष्मा काढला अन् तो बराच वेळ शर्टाच्या टोकानं पुसत बसले. कोणी त्यायच्याकडं पाहिलं नाही.

निघताना मी सुमंतभाऊले विचारलं, "हे भाडं मले खर्चात तरी दाखवता येईन ना?"

"तुम्ही सहा टक्केवाल्या. त्यात खर्च वेगळा दाखवता येत नाही."

अवं माय! मी कागदायची पिशवी उचलली अन् निघाली.

आता ऐका पुढचं. बिल्डिंग ट्रस्टची झाली. पहिल्या महिन्याचं भाडं मी बँकेतून ट्रस्टच्या खात्यात टाकलं अन् अध्यक्षायनं वरून खाली येऊन मले पावती देल्ली. दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेले मशिनीचा खण उघडला, तर बॉबिनायच्या खाली एक पाकीट. आत पैसे, भाड्याएवढेच. मामाजीचं काम, दुसरं कोण? मी पाकीट घेऊन तशीच वर गेली. पोरं अभ्यास करत होती, म्हणून मले हळू भांडा लागलं.

"हे काय हाय?"

"माझी पेन्शन."

"तुमची पेन्शन माझ्या खणात काहून?"

मामाजी गालातल्या गालात हसले. कितीतरी दिवसायनं हसले. "सुमंतनंच शिकवलं ना मले. पेन्शन आधी माझी. माझ्या हाताले लागली, माझी झाली. मंग मी कोणाले द्याची ते मी ठरवीन."

"अन् तो टॅक्स?"

"विचारलं त्याले. सासऱ्यानं सुनेले देल्लं तर टॅक्स नाही. फक्त तू ते बँकेत ठेवलं अन् व्याज आलं, तर ते व्याज माझ्या फाइलीत धरतीन."

म्हणजे पैसे मामाजीचे, देल्ले मले, मी देणार ट्रस्टले, पावती लिहिणार मामाजी, अन् मधात कुठं व्याज आलं तर ते पुन्हा मामाजीचं. हे कोणाचं कोणाले गेलं बा? मी जिन्यात उभी राहून बोटावर मोजायचा प्रयत्न केला, पण दोनदा चुकली.

अर्धे पैसे मी परत देल्ले, अर्धे ठेवले. सारे परत देल्ले असते तर ते जेवले नसते. त्या अर्ध्यातून मी चांगलं सुती कापड आणलं अन् त्यायचा पांढरा शर्ट शिवला. काजं मशिनीवर नाही केली, सारी हातानं केली.